साडेचोवीस

मुहर्रकच्या बाजारात, अत्तरवाल्याच्या आणि शिंप्याच्या मधे
याकूबशेटचं चष्म्याचं दुकान.
मागच्या खोलीत मी,
घासणीच्या चाकापाशी, एकोणीस वर्षं.
लोकांची नजर माझ्या हाताखालून जाते
आणि जेवताना नखांत काचेचं पीठ.

शाळेत प्रयोगाला चिपा तीन, पोरं बासष्ट.
केतकी फोनवर म्हणाली, आमच्या गटाची पाळी येईपर्यंत
घंटा होते, बाबा.
तेव्हा मी कपाटातून तो ठोकळा काढला:
उणे अठराच्या नंबरासाठी मागवलेला, जड,
एका कडेचा टवका उडालेला.

उणे अठरा म्हणजे जासिमबाबा.
त्यांचे आजोबा मोत्यांसाठी बुडी मारायचे.
चष्म्याची वाट बघत बसले की सांगतात,
होडीतून बघणाऱ्याला समुद्र तीन वाव सांगतो,
उतरलं की निघतात चार.
खोटं नाही बोलत, म्हणतात.
पाण्याची बोलायची रीतच तशी.

तीन शुक्रवार घासला.
टवका गेला, समोरासमोरच्या बाजू समांतर आल्या,
बोटाला कळेना हवा कुठे संपते.
काडेपेटीहून थोडी मोठी चीप.
लुंगीत गुंडाळून मुख्तार मुकादमाकडे दिली,
तो दाभोळला चालला होता, बहिणीच्या निकाहाला.
विमानतळावर त्याला अडवलं. हे काय?
काच.
कसली?
नुसती काच, साहेब.
मग नेतोस कशाला?
त्याला सांगता येईना.

केतकीनं पाटावर कागद लावला, मधे चीप,
अलीकडे दोन टाचण्या तिरक्या रेषेत.
पलीकडून एक डोळा मिटून पाहिलं
आणि आणखी दोन अशा टोचल्या
की चारही एकामागे एक लपल्या.
चीप आहे तोवर ओळ सरळच दिसते.
उचलली की पेन्सिलीची रेघ सांगते
कुठे वळली, आत किती अंगाला चिकटून चालली,
आणि बाहेर पडल्यावर पुन्हा
पहिल्याच दिशेला लागली,
फक्त जरा सरकून.

पंचेचाळीसला शिरलेला किरण
आत अठ्ठावीसचा कोन करतो, असं पुस्तकात.
तिचा आला साडेचोवीस.
पुन्हा केलं. साडेचोवीस.
तिसऱ्यांदा तिच्या आईला कंदिलासारखी बॅटरी धरून उभं केलं.
साडेचोवीसच.
कदम सरांनी लाल गोल केला, शेजारी शेरा:
हात स्थिर ठेवावा.
मग तिनं खोडलं, अठ्ठावीस लिहिलं,
सही मिळाली.

हे तिनं रात्री सांगितलं, दुसरंच काही सांगता सांगता.
मी चूळ भरत होतो. तसाच थांबलो.
अगं, तुझा कोन बरोबर होता.
ती काच शाळेतली नव्हे. ती जड,
उजेडाला जास्त वाकवते.
तिच्यातून तेवढाच यायचा.

मग पुस्तक चूक?
पुस्तकही बरोबर. त्याची काच वेगळी.

ती गप्प. मग म्हणाली,
आधी का नाही सांगितलंस?

काय सांगणार. रोज तीच काच हातात,
तिकडची हलकी असते हे
डोक्यातूनच गेलं.

आकडा बदलला म्हणून रागवायला हवं होतं.
पण मीही घरी सांगतो, खोलीत आम्ही दोघं.
आहोत सहा.
मुख्तार अजून परतला नाही, म्हणजे सध्या पाच.
माझ्या या ओळीवरही घरी दर महिन्याला
सही मिळते.

प्रयोगवही दाखव, म्हटलं.
तिनं पान कॅमेऱ्यापुढे धरलं. अठ्ठावीस,
दोनदा गिरवलेला.
तिरकं धर.
अजून थोडं. दिव्याकडे.
हं, तिथेच. हलू नकोस.

खोडरबरानं उजळलेल्या जागेवर
शिसं नसलेला, पेन्सिलीचा नुसता दाब:
साडेचोवीस.